उभ्यानं साडी नेसता येईल असा तंबू

तंबूसारखा विषय आपल्या अंकात कशाला, असं काही जणींना वाटेल. तंबू म्हटलं की गडावरची शनिवार-रविवारची सहल डोळ्यांसमोर येते. पण जिचं घर एका रात्रीत गेलं, तिच्यासाठी तंबू म्हणजे पुढचे कित्येक आठवडे घर. तिथंच स्वयंपाक, तिथंच बाळाला पाजणं, तिथंच पाळीचे दिवस काढणं आणि सासूच्या तापाची रात्र जागणं. आणि हे घर कसं असावं हे जिथं ठरतं, तिथं त्यात राहणारी बाई बहुधा नसतेच. खरेदी करणाऱ्याला किंमत दिसते, वाटणाऱ्याला नग दिसतात. बाई दिसत नाही.

आमच्या गटात मध्यंतरी विषय निघाला, की पुराच्या-भूकंपाच्या वेळी हाताशी असावेत म्हणून थोडे तंबू घेऊन ठेवू या. गिर्यारोहण करणाऱ्या एका ओळखीच्या मुलानं घुमटाच्या आकाराचा एक रंगीत तंबू आणून दाखवला. वजनाला हलका, दहा मिनिटांत उभा राहणारा, वर ‘चार माणसांसाठी’ अशी चिठ्ठी. सगळ्या खूष. मग आमच्यातल्या एक साठीच्या बाई रांगत आत शिरल्या, तशाच रांगत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “ह्यात साडी कशी नेसायची गं?” आम्ही हसलो. पण तंबू पारखायची याहून चांगली कसोटी मला अजून सापडलेली नाही.

‘चार माणसांसाठी’ याचा अर्थ चार जण शेजारी-शेजारी आडवे झोपतील, एवढाच. अशा तंबूची जमीन साधारण पाच चौरस मीटर भरते. सहलीला ते पुरतं, कारण सकाळ झाली की माणूस बाहेर पडतो आणि दोन दिवसांनी घरी जातो. आपत्तीतल्या निवाऱ्यासाठी मात्र माणशी किमान साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा हवी, असं ‘स्फिअर’ ही आंतरराष्ट्रीय मानकं सांगतात. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या किमान निकषांतही हाच आकडा आहे. म्हणजे चौघांना चौदा चौरस मीटर. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा कुटुंबासाठीचा तंबू पाच माणसांसाठी असतो. त्याची आतली जमीन 16 चौरस मीटर, शिवाय पुढं-मागं दोन ओसऱ्या आणि मधली उंची 2.20 मीटर. त्यात बाई ताठ उभी राहू शकते. तेव्हा माणसांचा आकडा वाचू नका, जमीन मोजा आणि उंची मोजा.

दुसरी गोष्ट अंधार पडल्यावर कळते. पातळ नायलॉनच्या तंबूत दिवा लावला की आतल्या प्रत्येक हालचालीची सावली कनातीवर उमटते. कपडे बदलणाऱ्या बाईची सावली बाहेरच्या सगळ्या वस्तीला दिसते. मग ती दिवा लावतच नाही, अंधारात चाचपडत राहते. म्हणून कापड जाड हवं, दोन पदरी असेल तर उत्तम, आणि आत आडपडदा हवा. वर सांगितलेल्या निर्वासितांच्या तंबूत असा सावली न दिसणारा पडदा दिलेला असतो. दुकानदार दिवसा तंबू दाखवतो. आपण रात्री बघायचा, आत बत्ती लावून आणि बाहेर उभं राहून.

पावसाचं म्हणाल तर वरच्या छतापेक्षा खालच्या जमिनीनं जास्त फसवणूक होते. कापड किती पाणी अडवतं हे मिलिमीटरच्या आकड्यात लिहिलेलं असतं. आपण बसतो-झोपतो त्या दाबानं पाणी खालून वर येतं, म्हणून तळाच्या कापडाचा आकडा छतापेक्षा मोठा हवा, आणि तळ चारी बाजूंनी वीतभर वर वळवून कनातीला शिवलेला हवा. चुलीचा विचार तर बहुतेक तंबूंत नसतोच. नायलॉन-पॉलिएस्टरला आच लागली की ते वितळून अंगाला चिकटतं. म्हणून आत स्टोव्ह नको, हे खरंच. पण मग बाईनं पावसात रांधायचं कुठं? पुढं ओसरी किंवा वेगळी ताडपत्री नसेल, तर ती स्टोव्ह आतच घेणार. आणि भाजली, तर दोष तिलाच.

आता आतल्या कडीबद्दल. तंबूच्या दाराला चेन असते आणि ती बाहेरूनही उघडते. आतून अडकवायची सोय बघून घ्यावीच, पण कापडाची भिंत म्हणजे सुरक्षितता नव्हे. ती येते छावणीच्या मांडणीतून. संडास किती लांब, वाटेवर उजेड आहे का, एकट्या बाईचा तंबू टोकाला ढकललाय की ओळखीच्या घरांमध्ये आहे, यातून. संडास 50 मीटरच्या आत असावा, बायकांचे संडास-न्हाणीघर वेगळे असावेत, असं आपले सरकारी निकषही म्हणतात. अंधारात लांब जावं लागू नये म्हणून बायका संध्याकाळपासून पाणी पिणंच सोडतात आणि मग लघवीच्या दुखण्यानं बेजार होतात. हे आजार कोणत्याही नुकसानीच्या यादीत येत नाहीत.

तुम्ही म्हणाल, जीव वाचला हे काय थोडं झालं? साडी नि सावली कसली घेऊन बसलात? पहिल्या रात्री हे मला कबूल आहे. पहिल्या रात्री चार बांबूंवरची ताडपत्रीही पुरते. पण तिसाव्या रात्रीही ती तशीच असते, आणि तोवर पाहणीला आलेले सगळे परत गेलेले असतात.

तंबू हे सगळ्या संकटांवरचं औषध नाही, हेही सांगायला हवं. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीला दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड छतं कोसळून हजारो माणसं गेली. अशा वेळी उभ्या घरातही कुणी छताखाली झोपायला धजत नाही, तिथं तंबूच हवा. ऑगस्ट 2019मध्ये सांगली-कोल्हापुरात पूर आला, तेव्हा माणसांना शाळा आणि मंगल कार्यालयांत हलवावं लागलं. भर पावसात ओल्या जमिनीवर तंबू ठोकण्यापेक्षा पक्कं छप्पर केव्हाही बरं. पण एका हॉलमध्ये पन्नास कुटुंबं म्हणजे आडोसा शून्य. 2011च्या भूकंपानंतर जपानमध्ये वास्तुविशारद शिगेरू बान यांनी व्यायामशाळांमधल्या आश्रितांसाठी कागदी नळ्या आणि कापडाचे आडोसे उभे केले होते. आपल्याला एवढंही नको. तो सहलीचा घुमटाकार तंबू वर्गाच्या कोपऱ्यात मांडला, तर बसून बाळाला पाजायला आडोसा झाला.

आता यादीबद्दल. तंबू कुटुंबामागे एक मिळतो आणि कुटुंब मोजलं जातं पुरुषाच्या नावानं. भावाच्या दारात राहणारी परित्यक्ता, विधवा, एकटी म्हातारी यांचं कुटुंब धरलंच जात नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005च्या बाराव्या कलमात निवारा, अन्न, पाणी, आरोग्य यांचे किमान निकष आणि विधवा-अनाथांसाठी विशेष तरतुदी सांगितल्या आहेत. तेव्हा हे मागणं दयेचं नाही, कायद्यातलं आहे.

आणि बायकांना यातलं कळतं का, हा प्रश्न तर लातूर-उस्मानाबादच्या बायकांनी केव्हाच निकालात काढलाय. किल्लारीच्या भूकंपानंतर घरांच्या दुरुस्ती-मजबुतीच्या सरकारी कार्यक्रमात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेच्या पुढाकारानं गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. ज्यांना कुणी घराबद्दल कधी विचारलं नव्हतं, त्या भिंतीच्या मजबुतीबद्दल बोलू लागल्या. जिला घर कळतं, तिला तंबू का कळू नये?

म्हणून माझं सांगणं एवढंच. संकट यायची वाट न बघता आपापल्या गटानं ग्रामपंचायतीत, तहसील कचेरीत जाऊन विचारावं, आपत्तीसाठी तंबू आहेत का, कसले आहेत, ते निवडताना कुठल्या बाईला विचारलं होतं का. असतील तर एक बाहेर काढायला लावा. मेखा ठोका, तणावे ओढा, दोघी-तिघींना तो उभारता येतो का बघा. एक रात्र त्यात झोपा. आत दिवा लावा आणि एकीला बाहेर उभी करा. सकाळी उठून आतच, उभ्यानं, साडी नेसून बघा. नाही जमलं, तर तो तंबू नापास म्हणून लेखी कळवा. आम्हीही तो रंगीत तंबू परत केला नाही. त्याच्यावरची ‘चार माणसांसाठी’ ही चिठ्ठी तेवढी काढली आणि ‘आडोसा’ असं लिहून ठेवला.