भाव मोबाइलवर, निर्णय दिल्लीत

मध्य प्रदेशातील सोयाबीन उत्पादकांसाठी आयटीसीने २००० साली ई-चौपाल सुरू केले, तेव्हा भाव पाहण्यासाठी गावातील एका संगणकापुढे जावे लागे. आज लासलगावच्या लिलावातील कांद्याचा दर व्हॉट्सअ‍ॅपवरून आसपासच्या शिवारात आणि दिल्लीच्या आझादपूर मंडीत एकाच वेळी पोहोचतो. शेतकऱ्याचे अज्ञान हे व्यापाऱ्याचे जुने भांडवल; ते आटले, हे खरेच. मात्र भाव कळणे वेगळे आणि तो पदरात पडणे वेगळे.

१४ एप्रिल २०१६ रोजी २१ बाजार समित्यांनिशी सुरू झालेल्या ई-नामचा अनुभव हेच सांगतो. समित्यांची संख्या पुढे हजारावर गेली. आंतरराज्य व्यापार त्या मानाने किरकोळच राहिला. दूरच्या खरेदीदाराला न पाहिलेल्या मालाच्या प्रतीची खात्री हवी, शेतकऱ्याला पैशाची. त्यासाठी लागणारी प्रतवारी, गोदामे आणि तंटे मिटवणारी यंत्रणा संगणकाच्या पडद्यावर उभी राहत नाही. शिवाय बाजार हा राज्यसूचीतील विषय!

केंद्राच्या हाती आहे ती निर्यात. भाव पाहून विक्री करा, असा सल्ला कृषी भवनातून येतो. निर्यातबंदीचा आदेश मात्र वाणिज्य मंत्रालयातून रातोरात निघतो. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्यावर बंदी आली, ती बातमीही मोबाइलवरूनच नाशिक जिल्ह्यात पोहोचली आणि दर कोसळले. बंदी उठली ४ मे २०२४ रोजी. न टिकणारा लाल कांदा तोवर मिळेल त्या भावाने विकून झाला होता.