छातीवरचा डाग

नागपुरात मेडिकलच्या टीबी वॉर्डापासून मानेवाडा मार्गावरील राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय फार दूर नाही. ऑटोने थोड्या मिनिटांचे अंतर. माझ्या आतेभावाला मात्र एका रोगाकडून दुसऱ्या रोगापर्यंत पोहोचायला सात महिने लागले. तो या दोन्ही ठिकाणी गेलेला नव्हता. वस्तीतल्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागातील डाग पाहिला आणि थुंकी न तपासताच क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या. प्रारंभी ताप उतरला. पाचव्या महिन्यात थुंकीतून रक्त आले. निदान झाले तेव्हा कर्करोग यकृतात शिरला होता.

डॉक्टरांना खलनायक ठरवणे सोपे आहे. परंतु जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश ज्या देशात आहेत, तेथे खोकला, ज्वर, वजनातील घट आणि छातीवरचा डाग म्हटले की आधी क्षयच आठवणार! शिवाय या गोळ्यांतील रिफाम्पिसिन इतर जंतूंवरही चालते. गाठीमागे साचलेला संसर्ग ओसरतो, रुग्णाला हुशारी वाटते आणि गाठ निवांत वाढत राहते. हा गोंधळ जुनाच आहे. फ्रान्समधील बेल या वैद्याने १८१० मध्ये क्षयाचे सहा प्रकार सांगितले, त्यांत कर्करोगाचाही एक प्रकार धरला होता! क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी जगापुढे मांडला तो २४ मार्च १८८२ रोजी.

हे दोन रोग केवळ एकमेकांसारखे दिसतात असेही नाही. क्षय बरा झाला तरी फुप्फुसात व्रण राहतो, दीर्घकाळचा दाह पेशींना बिघडवतो. धूम्रपानाचा प्रभाव वगळूनही क्षय होऊन गेलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. उलट, कर्करोगावरील औषधांनी प्रतिकारशक्ती खचली की सुप्त क्षय डोके वर काढतो. विडी दोघांनाही खतपाणी घालते. खाणीतील सिलिकाची धूळही घालते. ज्यांचे आयुष्य खाणीत गेले, त्यांच्या छातीवरच्या डागाला घाईने नाव देऊ नये.

२०१२ पासून क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे करणे बंधनकारक आहे. पोषणासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळू लागले, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते १००० झाले. हे स्तुत्यच आहे. २०२५ पर्यंत क्षयमुक्तीचे उद्दिष्ट मात्र साधले नाही. माझी तक्रार वेगळी आहे. उपचार पूर्ण झाले की रुग्णाचे कार्ड बंद होते आणि त्याच्या फुप्फुसांचा कुणी वाली उरत नाही. चाळिशी ओलांडलेल्या, विडी ओढणाऱ्या माणसाला ‘पुन्हा खोकला आला तर परत या’ एवढे तरी सांगायला काय हरकत आहे? थुंकीत जंतू सापडला नाही आणि दोन महिन्यांत डाग हलला नाही, तर सीटी स्कॅन व्हावा, तुकडा तपासला जावा. अर्थात, हे वाचून कुणी क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडू नयेत. तो दुसरा अनर्थ होईल.

आतेभावाला तिसऱ्याच महिन्यात एका परिचिताने तुकडा तपासण्याचा सल्ला दिला होता. ‘सुई लावली की रोग पसरतो’ असे म्हणून घरच्यांनीच नकार दिला. त्या बैठकीत मीही होतो. मी काही बोललो नाही.