दीडशें डॉलरांची चिप

घरांत संगणक घ्यावयाचा ठरला कीं चिरंजीव वेगाचे आंकडे तोंडपाठ म्हणून दाखवितात आणि वडील मंडळी किंमतीचा आंकडा ऐकून गप्प बसतात. आंकडा मोठा तेवढें यंत्र सरस, हें मात्र दोघांनींहि गृहीत धरलेलें असतें. तें किती फसवें आहे, हें सन १९९८ च्या एका उदाहरणावरून दिसेल.

त्या वर्षीं २४ ऑगस्ट रोजीं अमेरिकेंतील इंटेल कंपनीनें दोन प्रोसेसर बाजारांत आणिले. पेंटियम टू, वेग ४५० मेगाहर्ट्झ, घाऊक किंमत ६६९ डॉलर. आणि सेलेरॉन ३०० ए, वेग ३०० मेगाहर्ट्झ, किंमत अवघी १४९ डॉलर. प्रतिस्पर्धी एएमडीची के-सिक्स-टू ही चिप मे महिन्यांतच आलेली होती. काटकसरी गिऱ्हाइकाचा ओढा तिच्याकडे असे. पण अपूर्णांकांच्या गणितांत ती मागें पडे.

सेलेरॉनचा वेग म्हणजे ६६ मेगाहर्ट्झच्या मूळ ठोक्याची साडेचार पट. हा गुणक कंपनीनें कुलूपबंद केलेला. परंतु मूळ ठोका मदरबोर्डावरून १०० करतां येई, आणि साडेचार पटीनें ४५० होत! हेंच ओव्हरक्लॉकिंग. कांहीं मदरबोर्डांना चकविण्यासाठीं तर लोकांनीं चिपेच्या एका संपर्कबिंदूवर चिकटपट्टी डकविली. (बुद्धीचा हा उपयोग शाळेंत शिकवीत नाहींत.) शिवाय कॅश, म्हणजे चुलीपाशीं ठेवलेला मिसळणाचा डबा म्हणा, तो सेलेरॉनचा १२८ किलोबाइटांचा, लहान, पण चिपेच्या पोटांतच व पूर्ण वेगाचा. पेंटियमचा ५१२ चा, पण चिपेबाहेर व अर्ध्या वेगाचा. त्यामुळें पुष्कळ खेळांत हीं दोन्ही भावंडें जवळजवळ बरोबरीनें धांवत.

याचें कारण असें कीं, चिपेवर छापलेला वेग ही निसर्गाची मर्यादा नसून कंपनीची हमी असते. आणि ती ठरवितांना बाजारांत स्वस्त माल किती खपेल हेंहि पाहिलें जातें. परंतु हमी ओलांडली कीं जबाबदारी आपली. सगळ्याच सेलेरॉन ४५० वर टिकत नसत. चिप जळण्यापेक्षां ती न कळत चुकीचें उत्तर देईल, हें भय मोठें. खुद्द कंपनीहि यांतून सुटली नाहीं. एएमडीच्या अथलॉनशीं चुरस चालू असतां इंटेलनें जुलै २००० मध्यें १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री काढला. परीक्षकांच्या हातीं तो अडखळूं लागला आणि ऑगस्टांत परत घ्यावा लागला.

अलीकडील चिपा उष्णता पाहून आपला वेग आपणच वाढवितात. म्हणून हातानें मिळणारा लाभ थोडा उरला आहे. ओव्हरक्लॉकिंगसाठीं मुद्दाम महाग चिप घेण्यापेक्षां तो पैसा मेमरी व एसएसडी यांवर खर्चावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. हौसच असेल तर ती खेळाच्या यंत्रावर भागवावी. घरचे हिशेब अथवा मुलीचा प्रबंध ज्यांत आहे त्यावर नव्हे. आणि माघांत रात्रभर चालवून पारखलेली चिप वैशाखांत पुन्हा पारखावी. खोलीचें तापमान दहा-पंधरा अंशांनीं चढलेलें असतें.