पक्षाघातानंतरचे महिने

पक्षाघाताच्या झटक्यातून रुग्ण वाचला, की उपचार संपले असे आपण मानतो. वस्तुतः अर्धे उपचार तेथून पुढे सुरू होतात. रक्ताअभावी मेलेल्या मेंदूच्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. परंतु मेंदूचे निरोगी भाग त्यांचे काही काम शिकून घेऊ शकतात. हे शिक्षण सरावाने होते. पेला उचलणे, खाटेवरून उठणे, चार पावले टाकणे या क्रिया रोज पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या काही महिन्यांतच पदरात पडतो. नेमक्या त्याच काळात खेड्यातील कित्येक रुग्ण पडून राहतात. तेलाचे मालिश होते, कोठून तरी आणलेले लकव्याचे औषध दिले जाते आणि सांधे आखडत जातात.

हा शहरातील सुखवस्तूंचा रोग आहे, ही समजूतही आता सोडली पाहिजे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतील मृत्यूंची कारणे शोधली, तेव्हा सुमारे सातांपैकी एक मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे आढळले. जे वाचतात त्यांचा हिशेब वेगळाच असतो. कपाशीच्या वा सोयाबीनच्या रानात राबणारा माणूस अंथरुणाला खिळला, की त्याच्या शुश्रूषेसाठी घरातील आणखी एकाची मजुरी बुडते. रुग्णालयाचे बिल डोळ्यांना दिसते; ही बुडालेली मजुरी कोणत्याही खतावणीत चढत नाही.

यावर सोपा उपाय सुचविला जातो : घरच्यांनीच व्यायाम करवून घ्यावा. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर याची रीतसर परीक्षा झाली. तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांना कुटुंबीयांच्या प्रशिक्षणाची जोड दिली, तरी सहा महिन्यांनंतर मृत्यूचे वा परावलंबित्वाचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच राहिले. यावरून व्यायाम निरुपयोगी ठरत नाही. जाणकाराचे काम घरच्यांवर सोपवून काटकसर साधत नाही, एवढे मात्र ठरते. व्यायामालाही मात्रा असते. झटक्यानंतर २४ तासांच्या आत रुग्णाला वारंवार उठवून चालविण्याने हितापेक्षा अहितच होते, असे २०१५ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसून आले. कधी, किती आणि कोणता व्यायाम, हे ठरविणे कौशल्याचे काम आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूर वा जळगाव जामोद तालुक्यातील लुळा पडलेला माणूस आठवड्यातून दोनदा राजूर घाट चढून बुलढाण्यास कसा जाणार? सोबतच्या माणसाची मजुरी आणि प्रवासभाडे जमेस धरले, तर फुकट मिळणारी सेवाही त्याला परवडत नाही. म्हणून रुग्णाने घाट चढण्याऐवजी व्यायामोपचारतज्ज्ञाने खाली उतरावे. जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत, आठवडी बाजाराच्या दिवशी, सरकारी रुग्णालयात तो ठरल्या वेळी हजर असावा. मधल्या दिवसांत आशा कार्यकर्तीने घरी जाऊन सराव चालू आहे की नाही ते पाहावे, रक्तदाब मोजावा.

सरकारी विमा योजनांचा मुख्य भर दाखल रुग्णाच्या उपचारांवर आहे. जीव वाचविण्यावर पैसा खर्च करावयाचा आणि वाचलेल्याला खाटेवर सोडून द्यावयाचे, हा तर केलेला खर्चही वाया घालविण्याचा प्रकार झाला. तेरा तालुक्यांतील तज्ज्ञांचे वेतन त्यापुढे जड नाही.