पहारेकऱ्यालाच निरोप!

दांडेकर समितीने १९८४ साली प्रादेशिक अनुशेष मोजला : ३,१८६ कोटी रुपये. त्यावर पहारा ठेवण्यासाठी घटनेच्या कलम ३७१ (२) अन्वये १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. ३० एप्रिल २०२० रोजी महाविकास आघाडीने त्यांची मुदत संपू दिली. मार्च २०२१ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार विधानसभेत म्हणाले की, राज्यपालांनी आधी विधानपरिषदेची बारा नावे जाहीर करावीत, मग मंडळे! मागास भागांचा हक्क म्हणजे काय सौद्याचा माल आहे? २०२२ मध्ये पुढच्या मंत्रिमंडळाला पुनःस्थापनेचा निर्णय घ्यावा लागला. निरुपयोगी समित्या खुशाल मोडाव्यात, एकत्रही कराव्यात. परंतु निधीच्या पळवापळवीवर बोट ठेवणारी घटनादत्त मंडळे गुंडाळणे ही काटकसर नव्हे. पहारेकरी हटविल्याने चोरी थांबत नसते.