मे महिन्यात कपाट उघडे हवे

परीक्षा संपत आल्या की पुण्यातल्या घरोघरी एकच खल सुरू होतो: सुटीत मुलांना कुठे अडकवायचे? पोहणे, स्केटिंग, अबॅकस, हस्ताक्षर सुधारणे, रोबोटिक्स. पेठांपासून बाणेर-खराडीपर्यंत शिबिरांच्या जाहिराती लागलेल्या असतात. त्यात वाचन शिबिरेही आली. रोज ठरावीक पाने, मग सारांश, मग प्रश्नोत्तरे आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र, असा अनेक ठिकाणचा साचा. म्हणजे शाळेतला मराठीचा तासच, फक्त गणवेश नाही आणि शुल्क वेगळे. मुलाला पुस्तकाची गोडी लागावी म्हणून पालक हे पैसे भरतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण या साच्यातून गोडी लागण्यापेक्षा मोडण्याची शक्यता जास्त.

सुटीत वाचन का हवे, याला 'चांगली सवय' यापलीकडे शास्त्रीय कारण आहे. बोलणे मूल आपोआप शिकते, वाचणे तसे शिकत नाही. लिपीचा शोध लागून जेमतेम पाच हजार वर्षे झाली, तेव्हा वाचनासाठी म्हणून मेंदूत वेगळा भाग उत्क्रांत होण्याइतका वेळच मिळालेला नाही. फ्रेंच संशोधक स्तानिस्लास दुहान यांच्या मांडणीनुसार, चेहरे आणि वस्तू ओळखणारी मेंदूतली यंत्रणा मूल अक्षरांच्या कामाला जुंपते. हे जुंपणे सरावानेच पक्के होते. अक्षर ओळखण्यातच सगळी शक्ती खर्च होत असेल, तर वाक्याच्या शेवटाशी पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते. शब्द विनासायास ओळखू येऊ लागले की मगच लक्ष अर्थाकडे, गोष्टीकडे, विनोदाकडे जाते. वाचनातली मजा तिथून पुढे सुरू होते आणि ज्याला ती अजून सापडलेलीच नाही, त्याला 'वाच, वाच' म्हणून काही उपयोग नसतो.

देवनागरीत तर हा पल्ला आणखी लांब. इंग्रजीत २६ अक्षरे, आपल्याकडे बाराखडी धरली तर शेकडो आकार, आणि वर जोडाक्षरे. पहिली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. हिंदी वाचणाऱ्यांवरील प्रयोगांत या वेलांटीपाशी वाचनाचा वेग मंदावत असल्याचे दिसले आहे. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा अक्षरांवर पूर्ण पकड येण्याची प्रक्रिया चौथीपर्यंत आणि त्यापुढेही चालू असल्याचे आढळले. मराठीची लिपी वेगळी असली तरी तिची घडण त्याच जातीची आहे. तेव्हा दुसरी-तिसरीतले मूल 'वाचायला शिकले' असे समजून पालक निर्धास्त होतात, तेव्हा ते खरे तर अर्ध्या वाटेवर असते. त्याच वाटेवर दरवर्षी दीड-दोन महिन्यांची सुटी येते.

या सुटीत काय होते, यावर सर्वाधिक अभ्यास अमेरिकेत झाला आहे. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये आधीच्या ३९ अभ्यासांचा आढावा घेतला. उन्हाळ्याच्या सुटीत मुले सरासरी महिनाभराचे शिक्षण गमावतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. गणितात घसरण सगळ्यांचीच झाली. वाचनात मात्र मध्यमवर्गीय मुले थोडी पुढेच गेली आणि गरीब घरांतली मागे पडली. पुढे २००७ मध्ये बाल्टिमोर शहरातल्या दीर्घ अभ्यासाने, नववीत दिसणाऱ्या वाचनातल्या दरीचा मोठा भाग प्राथमिक शाळेतल्या सुट्यांमध्ये तयार झालेला असतो, असे म्हटले आणि खळबळ उडाली. अलीकडे त्याला आव्हान मिळाले आहे. पॉल फॉन हिपेल आणि इतरांनी नव्या चाचण्यांच्या आधारे दाखवले, की दरीचा बहुतांश भाग मूल शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच पडलेला असतो. सुटी म्हणजे घसरगुंडी, ही भीती त्यामुळे जरा हलक्या हाताने घ्यायला हवी. दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट मात्र मोठी आहे. शाळा बंद असताना मुलाच्या वाट्याला काय येते, ते त्याच्या घरात काय आहे यावर ठरते.

आणि पुण्यात ते घराघरांत फार वेगळे आहे. कोथरूडच्या एखाद्या सदनिकेत मुलाच्या खोलीत पन्नास पुस्तके असतात, त्यातली निम्मी न उघडलेली. तिथून चालत जाण्याच्या अंतरावरच्या वस्तीत, दहा बाय दहाच्या खोलीत, पाठ्यपुस्तकांखेरीज छापील कागद म्हणजे दिनदर्शिका आणि किराण्याची पुडी. या दुसऱ्या घरातल्या मुलासाठी गोष्टीच्या पुस्तकांची एकच जागा असते, शाळेचे कपाट. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तके हवीत असे लिहिलेले आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना पुस्तकांसाठी दरवर्षी अनुदानाची तरतूदही आहे. पण शेवटचा पेपर झाला की पुस्तके परत घेतली जातात, मोजली जातात आणि कपाटाला कुलूप लागते. मुलाकडे वाचायला वेळच वेळ असतो, नेमकी तेव्हाच पुस्तके बंद.

शिक्षकांना दोष देऊन हे सुटणार नाही. पुस्तके नोंदवहीत चढलेली असतात, हरवली तर उत्तर त्यांना द्यावे लागते. मुलाने फाडले, पावसात भिजले, गावाला नेले ते परतच आले नाही, तर भरपाई कोणी करायची? कपाटाला लागलेले कुलूप पुष्कळदा या प्रश्नाचे असते.

पुस्तके घरी दिली तर काय होते, याचेही उत्तर उपलब्ध आहे. रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रान्झन यांनी अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात १७ गरीब वस्तीतल्या शाळांमध्ये एक साधा प्रयोग केला. सुटी लागताना मुलांपुढे पुस्तकांचे प्रदर्शन मांडायचे, प्रत्येकाने आपल्या पसंतीची १२ पुस्तके निवडायची आणि ती त्याने घरी न्यायची, कायमची. प्रश्नपत्रिका नाही, सारांश नाही. सलग तीन वर्षे हे केल्यावर या मुलांचे वाचन पुस्तके न मिळालेल्या मुलांपेक्षा सरस ठरले. फरक प्रचंड नव्हता, पण सुटीत जादा वर्ग भरवून जेवढा फायदा होतो, जवळजवळ तेवढा होता, आणि खर्च कितीतरी कमी. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांनी काय निवडले, हेही बोलके होते: गायक, खेळाडू, चित्रपट-मालिकांतली पात्रे. मोठ्यांनी निवडली असती अशी पुस्तके त्यांच्या पसंतीत फारशी नव्हती.

याला दुसरी बाजूही आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या जेम्स किम यांच्या प्रयोगात नुसती पुस्तके पाठवून विशेष काही साधले नाही. सुटीपूर्वी शिक्षकांनी पुस्तक कसे वाचावे, अडले तर काय करावे हे शिकवले आणि घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायला सांगितले, तेव्हा फरक पडला. पुस्तक हातात हवे आणि ऐकायला कोणीतरी माणूस हवे, असा त्याचा अर्थ. त्या माणसाला स्वतः वाचता यायलाच पाहिजे असे नाही. दुपारी भाजी निवडणारी आजी 'मग पुढं काय झालं?' एवढे विचारत राहिली तरी काम होते. पुण्यातच, लक्ष्मीनगर वस्तीत पालकनीती परिवाराने चालवलेल्या 'खेळघरा'सारखी ठिकाणे आहेत. वस्तीतल्या मुलांना आधी विश्वासाची माणसे मिळाली, की खेळ, गप्पा, चित्रे आणि वाचन यांत भिंत राहत नाही.

निवडीचा मुद्दा सुशिक्षित घरांत सर्वांत अवघड जातो. तिथे पालकांच्या मनात एक यादी तयार असते. 'आमच्या वेळी आम्ही फास्टर फेणे वाचायचो' हे वाक्य पुण्यात न ऐकलेले मूल विरळा. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, सायकल हाणतो आणि नाही त्या भानगडीत पडतो. आजही तो वाचला तर आवडू शकतो. पण 'हेच वाच' असे म्हणून हातात कोंबलेला फेणे मुलाला गृहपाठ वाटतो. गंमत म्हणजे फेणे वाचणाऱ्या त्या पिढीलाही 'काय ही हेरगिरीची पुस्तके, श्यामची आई वाच' असे ऐकावे लागले असणार. चित्रकथांचेही तेच. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ पासून पुण्याच्या दैनिकात येऊ लागला. त्याच्या तीन-चार चौकटींवर कितीतरी मुले वर्तमानपत्र उघडायला शिकली. चित्रकथा हे कमअस्सल वाचन नव्हे. चित्र आधार देते, संवाद छोटे असतात आणि अडखळणाऱ्या मुलाला पान संपवल्याचे समाधान मिळते. क्रिकेटचे आकडे, पाककृती, बसची वेळापत्रके, डायनोसॉरची नावे, सगळे चालेल. तेच पुस्तक सातव्यांदा वाचणेही चालेल. सराव त्यातून होतोच.

बक्षिसांचे काय? 'एक पुस्तक वाचलेस तर अर्धा तास मोबाइल' हा सौदा अनेक घरांत चालतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग या पालकांनी माहीत करून घ्यावा. चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना 'चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र देऊ' असे आधी सांगितले, काहींना न सांगता अचानक दिले, काहींना काहीच दिले नाही. आठ-पंधरा दिवसांनी मोकळ्या वेळेत पाहिले, तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुले चित्रांकडे इतरांच्या निम्माच वेळ वळत होती. मोबाइलच्या सौद्यात तर वाचन ही किंमत ठरते आणि मोबाइल हा आनंद. मूल हिशेबाला पक्के असते. त्याला या दोहोंतले मोलाचे काय, ते बरोबर कळते.

शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांची अडचण निराळी. घरी मराठी अस्खलित, पण मराठी पुस्तक समोर आले की गाडी पॅसेंजर. त्यांना समजणारी गोष्ट आणि वाचता येणारी गोष्ट यांत चार-पाच वर्षांचे अंतर पडलेले असते, त्यामुळे जे वाचता येते ते बाळबोध वाटते. यावर एकच उपाय आहे, वाचून दाखवणे. मूल मोठे झाले, आता स्वतः वाचेल, म्हणून पालक हे फार लवकर थांबवतात. वास्तविक माध्यमिक शाळेत जाईपर्यंत मुलाला वाचून कळते त्यापेक्षा ऐकून जास्त कळते. शिवाय पुस्तकांची भाषा बोलण्यापेक्षा समृद्ध असते. साध्या चित्रपुस्तकांतही मुलांशी होणाऱ्या रोजच्या बोलण्याच्या तुलनेत वेगवेगळे शब्द कितीतरी जास्त असल्याचे २०१५ च्या एका अभ्यासात मोजले गेले आहे. माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तके आणि त्यांनी संपादित केलेले 'वाचू आनंदे'चे भाग रात्री मोठ्याने वाचायला उत्तम. पैशांची अडचण असेल तर बालभारतीने आपल्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत आणि प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी आहेत. पडदा आहे खरा, पण शेजारी बसून वाचणारे माणूस असेल तर त्याचे दुखणे बरेच कमी होते.

डोळ्यांची काळजी करणाऱ्यांसाठी एक सूचना. जवळचे काम आणि घरात बसणे वाढले की मुलांत लघुदृष्टीचा धोका वाढतो, आणि पुस्तक हेही जवळचेच काम. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर नेले, तेव्हा तीन वर्षांत लघुदृष्टी झालेल्यांचे प्रमाण इतर मुलांमधल्या ३९.५ टक्क्यांच्या तुलनेत ३०.४ टक्के राहिले. म्हणून सकाळ-संध्याकाळ मैदान, आणि पुण्याच्या रणरणत्या दुपारी पुस्तक, ही जुनीच वाटणी वैद्यकीयदृष्ट्याही ठीक आहे.

एखादे मूल मात्र सगळे करूनही पुस्तकापासून पळते. आठ-नऊ वर्षांचे झाले तरी अक्षरे उलटसुलट होतात, ओळ सुटते, मोठ्याने वाचायला सांगितले की पोटात दुखते. असे असेल तर रागावण्याऐवजी डोळे आणि कान तपासून घ्यावेत आणि अध्ययन अक्षमतेची शक्यता बालरोगतज्ज्ञांकडे बोलून दाखवावी. बालरोगतज्ज्ञांनीही वाचनाचा विषय आपणहून काढायला हरकत नाही. बोस्टनमध्ये १९८९ साली डॉक्टरांनी तपासणीला आलेल्या लहान मुलांना पुस्तक द्यायला सुरुवात केली. २०१४ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जन्मापासून वाचून दाखवण्याचा सल्ला धोरण म्हणून स्वीकारला. आपल्याकडे लसीकरणाच्या भेटीत वजन, उंची, भूक विचारली जाते. त्यात 'घरी गोष्ट कोण सांगतं?' हा प्रश्न बसायला अर्धे मिनिटही लागत नाही.

पुस्तकांची वानवा ही पुण्याची अडचण नव्हेच. इथले नगर वाचन मंदिर १८४८ चे. बालभारतीचे कार्यालय याच शहरात. पाचगणीजवळच्या भिलार गावाने तर २०१७ च्या मे महिन्यात घरांच्या खोल्या वाचकांसाठी उघडल्या; कोणीही जावे, बसावे, वाचावे. एका खेड्याला परक्या पर्यटकांवर एवढा विश्वास टाकता येतो, तर शाळेला आपल्याच पटावरच्या मुलांवर टाकता यायला हवा.

महापालिकेने आणि शिक्षण विभागाने करायचे ते फार नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात वर्गात पुस्तके मांडावीत, प्रत्येक मुलाला दहा-बारा स्वतः निवडू द्यावीत आणि जून अखेरीपर्यंत परत आणायला सांगावे. पातळ पुस्तकाचे ५०-६० रुपये धरले तर बारांची किंमत सहा-सातशे रुपये होते. शेकडा दहा-पंधरा पुस्तके हरवतील, फाटतील. तेवढी वापरात झिजली असे समजून नोंदवहीतून कमी करण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना लेखी मिळाला, तर एप्रिलमध्ये कुलूप लावायची घाई कोणाला राहणार नाही. हे परिपत्रक एका पानात मावते.