कित्ता कोणी कोणाचा गिरवावा?

संपादक महाशय,

भारतीय लोकशाहीने अमेरिकेचा कित्ता गिरवावा, हा गतांकातील पत्रलेखकांचा उपदेश दप्तर न तपासताच केलेला दिसतो. इंग्रजांचे जोखड झुगारल्यावर ज्या राष्ट्राने स्त्रियांना देशव्यापी मताधिकार देण्यास १९२० साल उजाडू दिले आणि दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांच्या मताधिकारास १९६५च्या कायद्यानेच खरे संरक्षण दिले, त्याच राष्ट्राच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने सिद्ध केलेल्या राज्यघटनेने मालमत्ता, साक्षरता वा जात यांची अट न घालता सर्व प्रौढांस तो अधिकार प्रारंभीच बहाल केला. १९७५ची आणीबाणी हा कलंक खराच. परंतु १९७७ साली सत्ताधाऱ्यांस पदच्युत करणारा मतदार याच तरतुदीने घडविला होता.

आपला,
एक वाचक, न्यू जर्सी